पोर्ट घेऊन नाणेघाटात

डोळे मिटायची गरज नाही. नाणेघाट मिटल्या डोळ्यांनी चढता येत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीही येत नव्हता. मुरबाड-माळशेज रस्त्यावर वैशाखरे मागे टाका, शेवटचा टेम्पो वळणाआड जाऊ द्या आणि रानात शिरा. पाठीवरच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली आहे. वीस वर्षांची टॉनी पोर्ट. ती सांभाळा. उद्या ज्या बैठकीत तुम्हाला बसायचे आहे, तिथे रिकाम्या हाताने आलेल्याला पाणी विचारतात, बाकी काही नाही.

आणि हो, ही पोर्ट म्हणजे गोव्याहून परतताना आपण बॅगेत कपड्यांच्या घड्यांत लपवून आणतो ती नव्हे. तिच्याशी माझे भांडण नाही. कॉलेजची वर्षे तिच्यावरच निघाली. पण ही बाटली पोर्तुगालमधल्या डौरो नदीच्या खोऱ्यातली आहे, आणि युरोपात त्या खोऱ्याबाहेरच्या वाइनला पोर्ट म्हणवून घेता येत नाही. तुम्ही जिथे चालला आहात तिथली माणसे मातीवरून आणि वासावरून गाव ओळखणारी आहेत. त्यांच्यापुढे खोटे नाव चालणार नाही.

अर्ध्या चढावर मोबाइलची रेंज जाते. ती एरवीही जाते, म्हणून काही घडल्याचे ध्यानात येत नाही. ध्यानात येते ते घंटांनी. मागून बैलांची रांग येते आहे, पाठीवर दोन्ही अंगांना ओझी लादलेली. हाकणारा तुम्हाला बाजूला हो म्हणतो. भाषा मराठी नाही, पण खापरपणजीच्या ओव्या लांबून ऐकू याव्यात तशी कानाला लागते आणि अर्थ कळतो. इ.स. ८५. कार्तिक.

कार्तिकच का, ते ओझ्यांवरून समजेल. मिसरच्या तांबड्या समुद्रावरची गलबते ऐन उन्हाळ्यात सुटतात, नैऋत्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन पावसाळा सरताना आपल्या किनाऱ्याला लागतात. तोवर घाटातली शेवाळ वाळलेली असते. ओझ्यांत तांबे आहे, कथील आहे, पोवळी आहेत. आणि सगळ्यांत सांभाळून आणलेले, भाताच्या पेंढ्यात बसवलेले, दोन कानांचे आणि टोकदार बुडाचे उंच घडे. अँफोरा. एका घड्यात साधारण २६ लिटर वाइन. घड्याचे स्वतःचे वजन धरून चाळीस किलोच्या घरात. दोन घडे म्हणजे एक बैल.

ही यादी माझ्या मनची नाही. याच शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची माहिती लिहून ठेवली आहे, 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस'. त्यात भडोचला उतरणाऱ्या मालात वाइनचे नाव आहे आणि पसंतीचा क्रमही दिला आहे: आधी इटलीची, मग लाओडिकेयाची, मग अरबस्तानची. त्याच माणसाने एक तक्रारही नोंदवली आहे. कल्याण बंदर पूर्वी खुले होते, आता तिथे ग्रीक जहाज चुकून शिरले तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणून तुमच्यापुढे चाललेले हे घडे भडोचला मोठ्या जहाजातून उतरून लहान होड्यांनी किनाऱ्याकिनाऱ्याने खाली आले असावेत. खाली समुद्रावर कोणाचे राज्य आणि वर घाटावर कोणाचे, हे इथे दर दहा वर्षांनी नव्याने विचारावे लागते. बैलवाला विचारत नाही. जो जकात मागेल त्याला देतो.

माथ्याच्या अलीकडे लेणे आहे. आत डोकावून घ्या, कारण असे पुन्हा दिसणार नाही. आज तिथे भिंतीलगत नुसती पावले उरली आहेत. आता मात्र पुतळे अखंड आहेत, डोक्यावर नावे कोरलेली: सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी, राजकुमार. बाजूच्या भिंतींवर यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा हिशेब आहे, इतक्या गायी, इतके घोडे, इतकी कार्षापणे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हिशेब. बैलवाल्यांपैकी एक जण त्याच भिंतीला पाठ टेकून भाकर खातो आहे.

वर खिंडीच्या तोंडाशी तो दगडी रांजण. जकातीचा म्हणतात तो. तुमची बाटली तपासणाऱ्याच्या हाती जाते. तो आतल्या मद्याकडे पाहतसुद्धा नाही. त्याला नवल वाटते ते काचेचे, तीही एवढी जाड आणि एकसारखी. उन्हात धरून तो पलीकडचा जीवधन बघतो, दोनदा बघतो, आणि मग नाइलाजाने परत करतो. काय दिले म्हणून सोडले, ते कोणाला सांगू नका.

पुढे दहाएक कोस. कुकडीच्या काठाकाठाने दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गाव दिसते. तीन बाजूंना डोंगर, आणि डोंगरांतून छिन्नीचा आवाज. शिवनेरीवर तट नाही. शिवजन्माला अजून १५४५ वर्षे अवकाश आहे. लेण्याद्रीवर गणपती नाही, भिक्खू आहेत. मानमोडीच्या अंगाला दगड फुटतो आहे. साऱ्या महाराष्ट्रात एका गावाभोवती एवढी लेणी दुसरीकडे सापडणार नाहीत, आणि ती कोरायला पैसा कुठून आला हे विचारायचे असेल तर आत्ता ज्या घरात चालला आहात तिथे विचारा.

घर विटांचे, वर कौले. यजमान यवन आहे, म्हणजे समुद्रापलीकडचा. पण इतकी वर्षे इथे राहिला आहे की पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी देतो आणि मग नाव विचारतो. तुमचे नाव त्याला उच्चारता येत नाही. "पाहुणे" म्हणू, असे तो ठरवतो.

बैठकीत आणखी तिघे. एक कल्याणचा सोनार, ज्याला वाइनमधले काही कळत नाही असे तो स्वतः सांगतो आणि ज्याचे नाक सगळ्यांत तिखट आहे. एक बुरूड, वंसकारांच्या श्रेणीतला मोठा माणूस. या गावात धान्यवाल्यांची, कासारांची, बुरुडांची अशा श्रेणी आहेत. त्या लेणी दान देतात, लोकांच्या ठेवी सांभाळतात, आणि त्यांच्या प्रमुखाला घाई नसते. तिसरा घोड नदीच्या वरच्या खोऱ्यातला, आजच्या आंबेगाव तालुक्याच्या रानातला, हिरडा आणि मध घेऊन बाजाराला आलेला. त्याच्या मांडीशी मडके आहे. यजमानाची बायको इथलीच. ती बसत नाही, पण ओतणे तिच्या हातात आहे, आणि बैठकीत ओतणाऱ्याचेच चालते हे तुम्हाला लवकरच कळेल.

पहिला मान मडक्याला. मोहाची फुले आंबवून केलेली, गढूळ, कोमट, उन्हात ठेवलेल्या मनुकांच्या वासाची. यजमान चार घोट घेऊन मान डोलावतो. ही दारू जुनी करता येईल का म्हणून तो विचारतो, गेली काही वर्षे विचारतोच आहे. रानातला माणूस हसतो. "जुनी? ही परवाची आहे. उद्या हिचा आंबूस होईल." त्याच्या लेखी पेय ताजे असते किंवा नासलेले असते. तिसरा प्रकार असतो हे त्याला दरवर्षी या घरात येऊन कळते आणि पटत नाही.

मग लाओडिकेया. सीरियाच्या किनाऱ्यावरचे हे शहर. त्याच्यामागचा डोंगर पार वरपर्यंत द्राक्षवेलींनी झाकलेला आहे आणि अलेक्झांड्रियाची बहुतेक वाइन तिथूनच जाते, असे भूगोलकार स्ट्रेबोने लिहून ठेवले आहे. घड्याचे तोंड फोडले की आधी राळेचा वास येतो. माती झिरपू नये म्हणून घड्याला आतून पाइनच्या राळेचा लेप दिलेला असतो आणि तो वाइनमध्ये उतरतो. रंगरंगोटी चालू असलेल्या घरात कोणी खारका शिजवाव्यात, तशी ही पहिली ओळख. तोंड वेडेवाकडे करू नका. दुसऱ्या घोटाला राळ मागे सरते. मग गोडवा, अक्रोडाच्या सालीसारखा कडवटपणा, आणि तळाशी काहीतरी भाजल्यासारखे.

हे भाजल्यासारखे काय, त्यावर वाद होतो. सोनार म्हणतो रस आटवून घातला असणार; रोमन लोक द्राक्षाचा रस काकवीसारखा आटवून वाइनला जोड देतात, त्यात तथ्य आहे. यजमान म्हणतो, समुद्र. गलबताच्या पोटात, तांबड्या समुद्राच्या उन्हात, हा घडा कित्येक आठवडे तापला आहे. दोघेही बरोबर असू शकतात. तुमच्या जिभेवर मात्र मदेरा वाइनची आठवण येते. सतराशे वर्षांनंतर मदेरा बेटावरचे व्यापारी पिपे भारताच्या फेरीला पाठवतील आणि उष्ण कटिबंधातून दोनदा भाजून आलेली ती वाइन जास्त दराने विकतील. हे आत्ता सांगू नका, लांबड लागेल.

यजमान पाणी मागतो. वाइनमध्ये घालायला. निम्मे, कधी निम्म्याहून जास्त. तुम्ही निव्वळ प्यालात हे त्याने पाहिले आहे आणि तो सभ्यपणे गप्प आहे. त्याच्या देशात पाणी न घालता पिणारा तो रानटी. पाणी कुठले हेही तो चाखून पाहतो. नदीचे चालत नाही. डोंगरात कातळ कोरून पावसाचे पाणी साठवलेली टाकी आहेत, इथे त्यांना पोढी म्हणतात. तिथलेच हवे.

"ह्यांना पाण्याचंच जास्त कळतं," बायको म्हणते. "वाइनचं काय, ह्यांच्या मुलखातनं आली की चांगलीच."

आता आजचा मुख्य घडा. विकणाऱ्याने फालेर्नम म्हणून दिला आहे. फालेर्नम म्हणजे इटलीतल्या कंपानिया प्रांताच्या उत्तरेची, रोमन जगातली सगळ्यांत मानाची वाइन. इ.स.पूर्व १२१ मध्ये ओपिमियस कॉन्सल, म्हणजे रोमचा वर्षभराचा सर्वोच्च अधिकारी, असताना जे पीक आले त्याची कथा दोनशे वर्षे चालली. शेवटी त्या वाइनचा कडवट मध झाला होता, एवढी आटलेली, आणि तरी श्रीमंत लोक तिचा थेंब दुसऱ्या वाइनमध्ये घालून मिरवत. घड्याच्या मानेवर शाईने कॉन्सलांची नावे आहेत. यजमान दिवा जवळ घेऊन वाचतो: वेस्पासियन दुसऱ्यांदा, आणि टायटस. म्हणजे इ.स. ७०. पंधरा वर्षे. बरोबर वयात आलेली. पुढच्या शतकात गेलन नावाचा वैद्य लिहील की फालेर्नम दहा वर्षांनंतर पिण्याजोगी होते आणि पंधरा ते वीस या काळात उत्तम असते.

पण यजमान ओतू देत नाही. तो घड्याच्या फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवतो, दिव्यासमोर धरतो. मातीत काळे, काचेसारखे चमकणारे कण आहेत. वाळूत मीठ सांडावे तसे, उलट्या रंगात.

"ही माती फालेर्नमची नाही," तो म्हणतो. "ही व्हेसुव्हियसच्या पायथ्याची. पाँपेईची."

सगळे गप्प. पाँपेई काय झाली ते बंदरावरून इथवर पोचले आहे. सहा वर्षांपूर्वी, ७९ मध्ये, तो डोंगर फुटला आणि शहर, गोदामे, मळे सगळे राखेखाली गेले. सोनार हळूच विचारतो, "म्हणजे हिचा मळा..." यजमान मान हलवतो. घडा त्याआधीच कुठल्यातरी गोदामातून निघाला असणार. ज्या वेलींची ही वाइन, त्या आता नाहीत. ज्याने ती दाबली तोही कदाचित नाही.

बुरूड खालच्या आवाजात म्हणतो, "ओता." त्या शब्दानंतर कोणी किंमत काढत नाही.

आणि वाइन? सांगायला वाईट वाटते, पण सपाट आहे. राळ आहे, थोडा आंबटपणा आहे, सुकलेल्या फुलांचा मागमूस आहे, आणि घोट गिळल्यावर काही उरत नाही. मळ्याच्या शोकाने तिची चव वाढत नाही. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने ७७ मध्ये पुरा केलेल्या ग्रंथात लिहिलेच आहे की पाँपेईची वाइन दहा वर्षांत काय व्हायची ती होते, पुढे ठेवण्यात लाभ नाही. हाच तो प्लिनी, ज्याने भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो म्हणून त्रागा केला, आणि जो व्हेसुव्हियसच्या त्याच स्फोटात किनाऱ्यावर मरण पावला. त्याने पाँपेईच्या वाइनबद्दल आणखी एक गोष्ट लिहिली आहे. ती सकाळी.

आता तुमची पाळी.

बाटली बाहेर येते. हातोहात फिरते. मानेवर शाई नाही, कॉन्सल नाही, नुसता आकडा, वीस. चिनी मातीच्या कपांतून पिऊ नका असा तुमचा आग्रह इथे निरर्थक आहे, चिनी माती नाही. यजमानाकडे जहाजावरून आलेले दोन काचेचे पेले आहेत, ते बायको आणते. बाकीच्यांना तांबडी, घोटून गुळगुळीत केलेली मातीची भांडी. ओतायला कांस्याचा जग, लांब मानेचा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४०च्या दशकात समुद्रदेव पोसायडनच्या लहानशा मूर्तीबरोबर कांस्याची भांडी सापडली, त्यांत असाच एक वाइनचा जग होता.

रंग पाहून सोनार सरळ बसतो. सोन्याचा धंदा आहे त्याचा. जुन्या तांब्याचा, कडेला केशरी झाक असलेला हा रंग तो ओळखतो. तोंडाशी नेताच रानातला माणूस मान मागे घेतो. "ह्यात जाळ आहे." बरोबर. वीस टक्के अल्कोहोल आहे. यजमान घोट तोंडात धरून बसतो, बराच वेळ. सुके अंजीर, संत्र्याची वाळलेली साल, भाजलेला बदाम, जायफळ, आणि घशाखाली गेल्यावरही मागे रेंगाळणारी काकवी. मग तो पाण्याच्या भांड्याकडे हात नेतो, थांबतो, आणि हात मागे घेतो. तुम्ही त्याच्या नजरेत रानटी होतात ते इथे संपते.

"जाळ कुठून येतो?"

हे समजावणे अवघड आहे. रोमन वाइन आंबवतात, आटवतात, मध घालतात, मीठपाणी घालतात. भट्टीवर उकळून वाफ धरायची आणि अर्क काढायचा ही विद्या त्यांच्या वाइनघरात नाही. तुम्ही हातवाऱ्यांनी सांगता. द्राक्षांचा रस फसफसू लागतो, साखरेची दारू होऊ लागते. निम्मे काम झाले, निम्मी साखर शिल्लक आहे, एवढ्यात त्यात द्राक्षांचाच कडक अर्क ओततात, ७७ टक्क्यांचा, साधारण चार भाग रसाला एक भाग. फसफसणे जागच्या जागी मरते. गोडवा राहतो, जाळ वाढतो. मग लाकडी पिपे, साडेपाचशे लिटरची, थंड कोठारात, वर्षानुवर्षे. लाकडातून हवा आत येते, रंग बाहेर जातो असे म्हणा. जांभळ्याची तांबडी, तांबडीची तपकिरी.

"लाकडात?" यजमानाला लाकडी पिपे ठाऊक आहेत. आल्प्सकडचे लोक वाइन लाकडात भरून वर कडी घालतात, ते त्याला गावंढळ वाटत आले आहे. त्याच्या मते चांगली वाइन मातीत, राळेत, बंद. तुम्ही सांगता की तुमच्याकडेही दोन पंथ आहेत. एका पंथाची पोर्ट पिपात दोनच वर्षे राहते आणि मग बाटलीत बंद होऊन अंधारात म्हातारी होते, तिच्यावर पिकाचे साल लिहितात. दुसऱ्या पंथाची ही टॉनी, लाकडात हवा खात पिकते. एक घड्याची बहीण, दुसरी आल्प्सवाल्यांची. मला विचाराल तर जुन्नरच्या हवेत टॉनीच बरी. बाटली उघडल्यावर काही आठवडे तरी तग धरते.

सोनार मात्र आकड्यावर अडला आहे. "वीस म्हणजे कोणाची वीस?"

इथे तुम्ही थोडे चाचरता, कारण प्रश्न खरा आहे. या बाटलीत एकच वीस वर्षांची वाइन नाही. काही पिपे बाराची, काही तिसाची. अशा कितीतरी एकत्र करून वीस वर्षांच्या वाइनची ओळख पटेल अशी चव जुळवतात, आणि सरकारी संस्थेचे चाखणारे ती चव वीसाला शोभते का ते ठरवतात. दहा, वीस, तीस, चाळीस, आणि अलीकडे पन्नास, सगळे असेच.

"म्हणजे ठेवलेल्याचे वय नाही," सोनार म्हणतो, "कसाचे वय आहे." तो खूश आहे. मिश्र सोन्याचा कस काढून आकडा सांगणे हाच त्याचा धंदा. यजमानाला पटत नाही. "कॉन्सलचे नाव नाही, तर खोटे कसे पकडणार?" त्यावर बायको, घड्याच्या मानेवरच्या शाईकडे बोट न दाखवता, नुसती पाहते. आजच्या फालेर्नमवर कॉन्सलांची नावे होतीच की.

बुरूड इतका वेळ बोललेला नाही. तो विचारतो, ही कुठल्या नदीची. तुम्ही सांगता, डौरो; रोमन तिला दुरियस म्हणतात, लुसितानियाच्या बाजूला, जगाच्या पश्चिम टोकाला. डोंगर कसा? उभा, खडकाळ, पायऱ्या पाडून वेली लावतात. तो दारातून अंधारातल्या डोंगरांकडे पाहतो. "मग आमच्याकडे का नाही लागत? आमचा काय डोंगर कमी आहे?"

द्राक्षाची वाइन या देशाला अनोळखी नाही. वायव्येकडची कापिशायन आणि हारहूरक ही नावे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहेत. पण या खोऱ्यात वेल नाही. तुम्ही त्याला सांगता की लागेल. त्याच्या मीना नदीच्या काठी, आत्ता जिथे नाचणी आहे तिथे, तारांवर चढवलेल्या वेलींचे मळे होतील, एकोणिसाव्या शतकात नाही, विसाव्यात. नारायणगावात १९८०च्या दशकात शामराव चौगुले नावाचे गृहस्थ फ्रेंच तंत्रज्ञांना आणून फेसाळ वाइन करतील आणि ती 'ओमर खय्याम' या नावाने उलट त्यांच्याच मुलखाकडे जहाजाने जाईल. पुढे ते वाइनघरही बंद पडेल, मळे राहतील. बहुतेक द्राक्षे खायला जातील. बुरूड ऐकून घेतो. त्याला यातले एवढेच लक्षात राहते की वेलींना मांडव लागेल, आणि मांडवाला बांबू. त्याच्या श्रेणीला काम मिळेल. १९०० वर्षे थांबावे लागेल, याचे त्याला फारसे वाटत नाही.

रात्री किती वेळ चालले ते तुम्हाला आठवत नाही. घडा संपला, कारण घडा उघडला की संपवावा लागतो.

सकाळी डोके फुटते आहे. उजेड टोचतो. रानातला माणूस कधीच निघून गेला, ताजातवाना, मोहावर मोह. यजमान कपाळाला ओले फडके बांधून अंगणात बसला आहे आणि तुम्हाला पाहून, दुखणे विसरून, हसतो. प्लिनीची ती दुसरी गोष्ट हीच: पाँपेईची वाइन प्यालात तर दुसऱ्या दिवशी सहाव्या तासापर्यंत डोके धरते. रोमन सहावा तास म्हणजे दुपार. मातीतले काळे कण खोटे बोलतील, कॉन्सल खोटे बोलतील, हे खोटे बोलत नाही. फालेर्नम म्हणून विकलेला घडा पाँपेईचा होता, आणि तुम्ही त्याचा चालताबोलता पुरावा आहात.

दारात भिक्खू येतो, पात्र पुढे करतो. यजमान उपासक आहे. पाचवे शील त्याला पाठ आहे, सुरा आणि मेरय वर्ज्य. तो फडके सोडून उठतो, भात वाढतो, आणि वर पाहत नाही. भिक्खूही वास आलाच नाही असे दाखवतो. दोघांमध्ये हे बहुधा बरेच दिवस चालले आहे.

मग तो तुम्हाला डोंगराकडे नेतो. चढ उभा आहे आणि तुमचे डोके प्रत्येक पायरीला आठवण करून देते. वर कातळात माणसे छिन्नी चालवत आहेत, लहान तोंडाचा, आत रुंद होत जाणारा खड्डा कोरत आहेत. शेजारी दुसऱ्याची आखणी झाली आहे. जुन्या पोढीतून ते तुम्हाला पाणी देतात. थंड, दगडाची चव असलेले. अर्ध्या दिवसात तोंडात पडलेली ही पहिली चांगली गोष्ट. यजमान तुमच्याकडे पाहत असतो, काल पोर्टचा घोट घेताना तुम्ही त्याच्याकडे पाहत होतात तसा, निकालाची वाट बघत. तुम्ही दुसऱ्यांदा मागून पिता. त्याला तेवढे पुरते.

त्याचे नाव विचारायचे राहून जाते.

परत आलात की रिकामी बाटली तेवढी आणा, तिथे ठेवू नका. उद्या कोणी खणले तर अनर्थ. पुरातत्त्ववाल्यांची तशीही पुरेशी अडचण झालेली आहे. नेवाशाला १९५०च्या दशकात सांकलियांच्या चमूला अँफोरांचे तुकडे मिळाले तेव्हापासून पश्चिम भारतात जिथे तिथे रोमन वाइन दिसू लागली. पुढे बारकाईने पाहिल्यावर त्यांतले बरेच तुकडे इराकच्या बाजूचे, आतून डांबर लावलेले निघाले. सोनार असता तर म्हणाला असता, नाव बघू नका, कस लावा. काळ्या वाळूचे, व्हेसुव्हियसच्या मातीचे तुकडे मात्र भारतात खरोखर सापडले आहेत.

जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे तीन दानलेख आहेत. चंद नावाच्या यवनाने चैत्याचे दर्शनी द्वार दिले. 'गत' म्हणवणाऱ्यांपैकी चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. तिसरा लेख गतांपैकी यवन इरिल याचा. त्याने दोन पोढ्या दिल्या.